दाराशी आलेला तगादेदार

एका वाचकभगिनीचे पत्र समोर आहे. मलेशियातील अमली पदार्थांविषयीची एक बातमी त्यांच्या वाचनात आली आणि तिने त्यांना अस्वस्थ केले. त्या विचारतात : मलय लोक मुसलमान, त्यांच्या धर्मात मादक वस्तू निषिद्ध. त्यांची खेडी एका कुटुंबासारखी नांदतात असेही आपण वाचतो. मग त्या देशात व्यसनाधीन म्हणून ज्यांची नोंद होते त्यांत मलय तरुणांचीच संख्या सर्वांत मोठी कशी? की त्या लोकांचा स्वभावच तसा?

प्रश्न प्रांजळ आहे; त्याचे शेवटचे वाक्य मात्र धोक्याचे आहे. म्हणून आजचे हे सदर सबंध त्यालाच देत आहे.

पत्रातील माहिती चुकीची नाही. मलेशियाच्या लोकसंख्येत मलय लोक निम्म्याच्या आसपास आहेत. परंतु सरकारदरबारी व्यसनाधीन म्हणून नोंदल्या जाणाऱ्या दर चौघांपैकी सुमारे तिघे मलय असतात. शेजारच्या सिंगापुरात मलय लोक अवघे एकसप्तमांश. तेथेही अमली पदार्थांच्या सेवनासाठी पकडल्या जाणाऱ्यांत त्यांचा वाटा कित्येक वर्षे निम्म्याजवळ राहिला आहे. पकडले जाणे आणि व्यसनी असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. ज्या वस्तीवर पोलिसांची नजर अधिक, तेथे सापडणारेही अधिक. तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. एका देशात हे लोक बहुसंख्य असून राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती. दुसऱ्या देशात ते अल्पसंख्य. आणि तरीही दोन्हीकडे चित्र सारखेच. तेव्हा 'दारिद्र्य' किंवा 'सरकारची उपेक्षा' असे एका शब्दाचे उत्तर देऊन आपल्याला मोकळे होता येत नाही. आणि 'स्वभावच तसा' हे उत्तर तर मुळीच टिकत नाही. ते का टिकत नाही हे आधी पाहू. कारण तेथे आपलाही थोडा संबंध येतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच भूमीवर हाच प्रश्न चिनी लोकांविषयी विचारला जात होता. मलायातील कथिलाच्या खाणी, मिरीचे मळे, सिंगापूर व पेनांगची बंदरे, सर्वत्र चिनी मजूर राबत असे. बायकामुले मायदेशी, राहणे खोपटात, काम हाडे मोडणारे. त्याच्या दुखण्यावर आणि एकटेपणावर एकच औषध सहज मिळे, ते म्हणजे अफू. ती विकण्याचा मक्ता इंग्रज सरकार लिलावाने देत असे. मक्तेदार पुष्कळदा खाणीतला भागीदार किंवा मजूर पुरविणाराच असे; त्यामुळे एका हाताने दिलेली मजुरी दुसऱ्या हाताने परत घेण्याची सोय आपोआप होई. पुढे १९१० साली सरकारने मक्तेदारी काढून घेतली, ती व्यापार बंद करावयास नव्हे, तर स्वतः चालवावयास! सिंगापूर, पेनांग व मलाक्का मिळून जी ब्रिटिश वसाहत होती, तिच्या तिजोरीत त्या काळातील काही वर्षे जवळजवळ निम्मा महसूल एकट्या अफूचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रज परतले तेव्हा कोठे बंदी आली.

ही अफू येत होती हिंदुस्थानातून. मुख्यत्वे बंगालच्या सरकारी कोठ्यांतून. आपली माळव्याची अफू बहुतेक चीनकडे जाई. आज इंदूर-ग्वाल्हेरकडे जे वाचक आहेत त्यांच्या पणजोबांनी तिचे सौदे पाहिले असतील. ती प्रथम पोर्तुगीजांच्या दमणवरून आणि पुढे मुंबईवरून जहाजात चढे. त्या जहाजांची वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीतूनच होती. नीमच-मंदसोर भागात आजही सरकारी परवान्याने अफूची शेती होते. हे सांगण्याचे कारण इतकेच, की दूरदेशीच्या व्यसनाविषयी बोलताना आपण अगदीच तिऱ्हाईत आहोत असे समजू नये.

त्या वेळी चिनी माणसाच्या रक्तातच अफूची ओढ आहे असे मानणारे साहेब थोडे नव्हते. मलय माणसाविषयी तेच साहेब म्हणत, हा आळशी खरा. पण बिचारा समाधानी आहे. मलयांतही अफू ओढणारे होते, नाही असे नाही. परंतु ते कोणाच्या डोळ्यांवर येत नसत. पुढे तीसचाळीस वर्षांत सारे उलटले. अफू ओढणारी चिनी पिढी म्हातारी होऊन संपली. तिची नातवंडे शाळांत गेली, दुकानांत बसली, आणि १९७०च्या दशकात व्यसनमुक्ती केंद्रांच्या दारात मलय तरुण दिसू लागला. इतक्या अल्पावधीत दोन जातींनी आपले रक्त बदलून घेतले काय? रक्त होते तेच राहिले. बदलली ती परिस्थिती, बदलला तो माल, आणि बदलला तो घराबाहेर पडलेला माणूस.

मलयांच्या स्वभावाविषयीचा वाद खुद्द त्यांच्यातही झडला आहे. महाथिर मोहमद यांनी १९७० साली लिहिलेल्या 'द मलाय डिलेमा' या पुस्तकात मलयांच्या मागासलेपणाच्या कारणांत आनुवंशिकतेलाही स्थान दिले. पुस्तकावर बंदी आली. १९८१ साली ते स्वतः पंतप्रधान झाल्यावर ती उठली. उलट समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ साली 'द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह' लिहून दाखविले, की आळशी मलय ही वसाहतवाल्यांना सोयीची अशी एक कल्पना होती. कारण तो त्यांच्या मळ्यांत व खाणींत राबावयास तयार नव्हता. दोन्ही ग्रंथकार त्याच समाजातले. मला अलातास यांचे म्हणणे पटते.

आता १९७०च्या दशकाकडे वळू. मलयांचे खेडे, त्यास ते 'कांपुंग' म्हणतात, हा त्यांच्या जीवनाचा कणा. खांबांवर उभारलेली लाकडी घरे, मागे नारळी, पुढे भातखाचरे किंवा समुद्र. घर हलवावयाचे झाले तर सारा गाव खांदा देतो. लग्न असो, बारसे असो, मृत्यू असो, स्वयंपाकाला गावातील बायका आणि मांडवाला गावातील पुरुष. या परस्परसाहाय्याला 'गोतोंग-रोयोंग' असे नाव आहे. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक डोळ्यांसमोर आणा. आणि त्या प्रसंगाचे जे सामुदायिक जेवण, त्याचे नाव 'केंदुरी'. पिराच्या जत्रेतील आपली कंदुरी आणि ही केंदुरी एकाच फारसी शब्दाच्या लेकी आहेत.

अशा गावातील मुलगा सहसा वाया जात नाही, आणि त्याचे कारण साधे आहे : तो एकटा कधी सापडतच नाही. नदीवर मामा, रस्त्यावर शेजारी, मशिदीत गुरुजी. मुलावर नजर ठेवण्याचे काम एकट्या आईबापाचे नसून सबंध गावाचे असते. अडचण अशी, की ही नजर गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

१९६९ सालच्या मे महिन्यात क्वालालंपूर येथे मलय व चिनी यांच्यात भीषण दंगल झाली. त्यानंतर १९७१ साली सरकारने नवे आर्थिक धोरण आखले. मलयांनी शेती व मासेमारीपुरते न राहता शहरांत, कारखान्यांत, व्यापारात यावे, असा त्याचा रोख होता. हेतू वाईट नव्हता. लाखो तरुण-तरुणी कांपुंग सोडून शहरांत आल्या. पेनांग येथे उघडलेल्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांना नाजूक बोटांच्या मुली हव्या होत्या. त्यांना कामे मिळाली. मुलग्यांना मात्र तितक्या सहज मिळाली नाहीत. घरी मनिऑर्डर पाठविणारी बहीण आणि चौकात उभा असलेला भाऊ, अशी जी स्थिती काही कुटुंबांत आली असेल, तिने त्या भावाच्या मनाचे काय केले असेल, याचा तर्क वाचकांनी करावा. कांपुंगमध्ये रिकामा बसलेला मुलगाही कोणाचा तरी असतो. शहराच्या चौकात तो कोणाचाच नसतो. अशा चौकात टोळक्याने रेंगाळण्याला मलय भाषेत 'लेपाक' म्हणतात. १९९०च्या दशकात सरकारने त्याविरुद्ध मोठी मोहीम काढली होती. पण लेपाक हा रोग नसून लक्षण आहे, हे मोहिमांना उमगत नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षांत माल आला. ब्रह्मदेश, लाओस व सयाम यांच्या सीमा जेथे मिळतात तेथील अफूचे हेरॉईन दक्षिणेकडे उतरू लागले. व्हिएतनामच्या युद्धातील अमेरिकन सैनिक सुटीवर पेनांगला व सिंगापूरला येत. त्यांनी गिऱ्हाईक दाखविले, असे म्हणतात. सिंगापुरात १९७२ साली हेरॉईनसाठी पकडलेले लोक अवघे चार होते. चार वर्षांत तो आकडा हजारोंच्या घरात गेला.

सिंगापूरची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि मला ती फार बोलकी वाटते. तेथे १९६७ साली तरुणांना सक्तीची सैन्यसेवा लागू झाली. पुढील सुमारे दहा वर्षे मलय तरुणांना मात्र बहुतांशी बोलावलेच गेले नाही. शेजारी मलय देश असल्याने त्यांच्या निष्ठेविषयी शंका होती. बरे, त्यांना रीतसर सूट दिली असेही नाही. मालक लोक विचारीत, "तुझी सेवा झाली काय? झाली नसेल तर उद्या बोलावतील. मग तुला ठेवून काय करू?" अशा रीतीने अठरा-वीस वर्षांची मुले ना सैन्यात ना नोकरीत, नुसती वाट पाहत राहिली. त्याच काळात जुनी कांपुंगे पाडून कुटुंबांना उंच इमारतींच्या सदनिकांत हलविण्याचे काम जोरात चालू होते. घरे पक्की झाली, नळाला पाणी आले. परंतु ओटा गेला, आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणारी आजीही बाराव्या मजल्यावर गेली. बोलावणे न आलेला मुलगा, रिकामे दिवस, आणि कोपऱ्यावर आलेला माल : यातील कोणती गोष्ट मलय रक्तातील आहे, ते भगिनींनी सांगावे.

मलेशियात सरकारने उलट मार्ग धरला. जमीन नसलेल्या ग्रामीण कुटुंबांना जंगल साफ करून वसविण्यासाठी 'फेल्डा' ही संस्था १९५६ सालीच निघाली होती. प्रत्येक कुटुंबास सुमारे दहा एकर रबर किंवा तेलताडाची लागवड आणि एक घर. एक लाखाहून अधिक कुटुंबे तिने उभी केली. जगात अशा योजना क्वचितच इतक्या यशस्वी झाल्या असतील. परंतु जमिनीचे वाटेल तसे तुकडे करावयास कायद्याची आडकाठी. पाचसहा मुलांच्या घरात वारस होणार एखादा. बाकीच्यांनी वाढावयाचे त्या वसाहतीतच, आणि तेथे त्यांचे असे काहीच नाही. पहिल्या पिढीने कुऱ्हाड चालविली, दुसऱ्या पिढीने मोटारसायकल. अशा काही वसाहतींतून पुढे अमली पदार्थांच्या तक्रारी येऊ लागल्या. म्हणजे येथे गरिबी नव्हती. होते ते रिकामपण. गरिबीपेक्षा ते कधीकधी अधिक जाळते.

आता धर्माच्या निषेधाचा प्रश्न. मद्याच्या बाबतीत तो निषेध मलय समाजात पुष्कळ अंशी पाळला जातो. परंतु सिगारेटीला समाजाची मोकळीक होती. १९९५ साली मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने धूम्रपानही निषिद्ध ठरविले, तोवर ते घरोघर रुजलेले होते. हेरॉईन आले ते सुईतून नव्हे, प्रथम सिगारेटीतूनच. मद्याची दुर्गंधी येते, झोकांडी जाते, गाव ओळखतो. या पांढऱ्या पुडीला वास नाही. जी गोष्ट निषिद्धांच्या जुन्या यादीत नाव घेऊन आलेली नव्हती, तिने मागल्या दाराने प्रवेश केला.

सर्वच सेवन चैनीसाठी होते असेही नव्हे. उत्तरेकडील केदाह व पर्लिस राज्यांत 'केतुम' नावाच्या झाडाची पाने उकळून कडू काढा पिण्याची जुनी चाल आहे. उन्हात राबणारा मजूर तो थकवा जाण्यासाठी पितो. हल्ली याच वर्गात 'पिल कुडा' नावाच्या उत्तेजक गोळ्या शिरल्या आहेत. 'कुडा' म्हणजे घोडा. रात्रभर समुद्रावर जागणारा कोळी, पहाटेपूर्वी रबराची झाडे छेदणारा कामगार, मालमोटारीचा चालक, हे तिचे गिऱ्हाईक. केलांतान राज्यात दहांतील नऊहून अधिक लोक मलय आहेत, आणि सयामच्या सीमेवरची गोलोक नदी इतकी अरुंद, की उन्हाळ्यात माणूस चालत पार होतो. ज्याला घोड्यासारखे राबावयाचे आहे त्याने घोड्याची गोळी घेतली, तर त्याला नुसते प्रवचन देऊन काय होणार? आज मलेशियात हेरॉईन मागे पडून या जातीच्या उत्तेजकांचे सेवनच बहुसंख्य झाले आहे.

पहिली पुडी कोण देतो? सरकारी नोंदींत वर्षानुवर्षे एकच उत्तर वर असते : मित्र. अनोळखी विक्रेता नव्हे. ज्या समाजात एकट्याने खाणे हा उणेपणा मानतात, जेथे मित्राने पुढे केलेले नाकारणे हा अपमान ठरतो, तेथे हा धोका अधिक. ज्या गुणामुळे कांपुंग एकमेकांच्या घराला खांदा देते, तोच गुण येथे उलटा फिरतो.

येथून मी त्या गोष्टीकडे येतो जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मलय जीवनात 'मालू' या शब्दाला फार वजन आहे. मालू म्हणजे लाज; पण केवळ स्वतःची नव्हे, चारचौघांत आपल्या माणसांची मान खाली जाऊ नये याची काळजीही त्यात येते. दुसरा शब्द 'आइब'. वाचकांनी तो ओळखला असेलच. आपण 'ऐब' म्हणतो तोच. घराचा ऐब बाहेर जाऊ नये, झाकावा, ही शिकवण चांगलीच आहे. शेजाऱ्याच्या दोषाची दवंडी पिटू नये असा तिचा अर्थ. परंतु घरात व्यसनाने पाऊल ठेवले की तीच शिकवण कुलूप होते. आईला आधी कळते. डब्यातील पैसे कमी होतात, मग दागिना जातो, मग टीव्ही. ती नवऱ्यापासून लपवते. नवरा भावापासून लपवतो. घर गावापासून लपवते. मुलाने कोठे चोरीत सापडून आणखी लाज आणू नये म्हणून ती स्वतःच त्याच्या हातावर पैसे ठेवते. गोतोंग-रोयोंग असलेल्या गावात मृत्यूला शंभर माणसे धावतात आणि या दुखण्याला एकही नाही. कारण कोणाला बोलावलेलेच नसते.

आपण हसू नये. माझ्या बालपणी आमच्या शेजारी एक घर होते. तेथे पाहुणे आले की थोरल्या मुलाला नेहमी 'ताप' भरलेला असे. तो ताप दारूचा आहे हे आळीतील शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. कोणी बोलले नाही. त्याची आई वारली तेव्हा खांदा द्यावयाला मात्र सारी आळी होती.

भाषा कधीकधी माणसांपेक्षा अधिक बोलते. मलय भाषेत अमली पदार्थाला आज 'दादाह' म्हणतात. जुना अर्थ औषधी मुळी. १९७०च्या सुमारास तो शब्द उचलून या विषाला दिला गेला. आणि व्यसनाधीनाला म्हणतात 'पनागिह'. त्याचे मूळ 'तागिह'. सावकार देण्याचा तगादा लावतो त्यालाही हेच क्रियापद. पनागिह म्हणजे तगादेदार! व्यसनी माणसाच्या घरच्यांनी हा शब्द घडविला असावा असे मला वाटते. कारण तो दाराशी कसा येतो, ते त्यांनीच पाहिलेले. परंतु तगादेदार आला की दार लावून घेण्याची माणसाची रीत असते.

सरकारनेही काही काळ दारच लावले. १९८३ साली मलेशियाने अमली पदार्थांना राष्ट्राच्या सुरक्षेवरील पहिल्या क्रमांकाचे संकट म्हणून घोषित केले. मोठ्या प्रमाणावर माल बाळगणाऱ्यास मृत्युदंड सक्तीचा झाला. ती सक्ती २०२३ साली उठली. सेवन करणाऱ्यासाठी निराळा कायदा आला. लघवीच्या तपासणीत दोष दिसला की दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने दोन वर्षांपर्यंत केंद्रात आणि त्यानंतर दोन वर्षे देखरेख. प्रारंभी या केंद्रांतून लष्करी थाटाची शिस्त असे : पहाटे उठणे, कवायत, श्रम. शरीर त्यामुळे खरोखरच सुधारत असे. परंतु दोन वर्षांनी मुलगा परत येई तो कोठे? त्याच गावी, त्याच चौकात. गावाने मधल्या काळात काहीच शिकलेले नसे. मालक नोकरी देत नसे, मुलगी देण्याचे तर नावच नको. केंदुरीच्या पंगतीत लोक जरा सरकून बसत. हाक मारणारे कोण उरले? जुने मित्र. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. केंद्रांतून सुटलेल्यांपैकी बहुसंख्य पुन्हा सेवनाकडे वळले, हे पुढे तेथील अधिकाऱ्यांनीही मान्य केले.

मग लपविण्याचे मोल दिसू लागले. हेरॉईन महाग झाले तसे धुराऐवजी सुई आली, आणि सुई एकाची दुसऱ्याला. २००२ या एका वर्षात मलेशियात एचआयव्हीच्या ६,९७८ नव्या रुग्णांची नोंद झाली. आजवरचा तो सर्वांत मोठा वार्षिक आकडा. त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश सुईने बाधित झालेले, आणि मलयच अधिक. यानंतर जे घडले ते सांगताना लेखणी अडखळते. मुलाला सुधारण्याचा जुना उपाय सर्वत्र एकच : लग्न लावून द्या. ऐब झाकून लग्ने लावली गेली, आणि काही घरांत आजार सुनेपर्यंत पोहोचला. जोहोर राज्याच्या इस्लामी खात्याने २००१ सालीच विवाहपूर्व तपासणी मुसलमान जोडप्यांना आवश्यक केली होती. इतर राज्यांनीही पुढे तोच मार्ग धरला. ज्या खात्याने लाज राखावयाची, त्यालाच लाज बाजूला ठेवून रक्त तपासावे लागले.

२००५ साली मेथाडोन या औषधाचा उपाय सुरू झाला आणि २००६ पासून वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्याचा. मेथाडोन हे हेरॉईनच्याच जातीचे. पण ते डॉक्टरांच्या देखत तोंडाने घ्यावयाचे असते. त्याने तगादा थांबतो, आणि माणूस कामावर जाऊ शकतो. पुष्कळ धर्मनिष्ठांना हे पटेना. एक मादक वस्तू काढून दुसरी द्यावयाची, आणि वर सुयाही आपणच वाटावयाच्या, हे कसे? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. मनापासून श्रद्धा असलेल्या माणसाने तो घेणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील कित्येक धर्मपंडितांनी जीव वाचविणे हा अधिक मोठा आदेश मानला. २०१० साली नव्या एचआयव्ही रुग्णांची वार्षिक संख्या २००२च्या जवळपास निम्म्यावर आली होती.

याच सुमारास सक्तीच्या काही केंद्रांचे दवाखाने झाले. तेथे स्वखुशीने जाता येते आणि परतही येता येते. त्याआधीपासून 'पेंगासिह' नावाची एक संस्था तेथे काम करीत आहे. ती चालविणारे स्वतः कधीकाळी व्यसनात होते. तिचे नाव 'कासिह', म्हणजे माया, या शब्दापासून झाले आहे. तेथे कोणी कोणाला लाजत नाही; कारण सर्वांचा ऐब सर्वांना ठाऊक.

परंतु भगिनींच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मला एकाच जागेचे नाव सांगावयाचे आहे. क्वालालंपूर येथे मलाया विद्यापीठाजवळ अर्-रहमान नावाची मशीद आहे. २०१० साली विद्यापीठातील डॉक्टर आणि मशिदीतील मंडळी यांनी मिळून तेथे मेथाडोन देण्याची सोय केली. म्हणजे दवाखाना नेऊन ठेवला तो तुरुंगाच्या बाजूस नव्हे, गावाच्या बाहेर नव्हे, तर ज्या ठिकाणी आपले तोंड दिसू नये म्हणून मुलगा वर्षानुवर्षे मागील गल्लीने जात असे त्याच ठिकाणी. औषध घ्यावयास आलेला माणूस तेथे हातपाय धुऊन नमाजाच्या रांगेत उभा राहू शकतो. रांगेत शेजारी कोण आहे हे विचारण्याची त्यांच्यात रीत नाही.

यातून सगळे बरे होतात असे कोणी समजू नये. कित्येकजण मध्येच सोडून जातात. काही वर्षांनी परत येतात. शिवाय मेथाडोन उत्तेजक गोळ्यांवर चालत नाही, आणि त्या गोळ्यांवर तसे औषध अद्याप सापडलेले नाही. केलांतानच्या कोळ्याचा प्रश्न म्हणून तसाच उभा आहे. मात्र मेथाडोनची एक मात्रा सुमारे चोवीस तास पुरते. त्यामुळे रमजानच्या महिन्यात ती सकाळऐवजी सूर्यास्तानंतर देता येते. रोजा मोडत नाही, आणि तो माणूस घरच्यांबरोबर उपवास सोडावयास बसू शकतो.